सांग त्याला

“सांग त्याला,” अम्मा म्हणाली.

समोर डॉक्टर हॉब्सन पेन उघडून बसला होता. मी खुर्चीच्या कडेवर, एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडं. साडेतीनची बस चुकली की दुकान बंद व्हायच्या आत बाजारात पोचणं काही खरं नव्हतं, आणि मला त्या दिवशी निळी सूटकेस आणायचीच होती.

“काय सांगू?”

“माझा जीव घाबरा होतो म्हणून सांग. जिना चढले की होतो. परवा भाकऱ्या थापताना झाला, तर तवा तसाच ठेवून खाली बसले. कसं कासावीस होतं ते नीट सांग.”

मी डॉक्टरकडं वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “तिला भीती वाटते.”

हे माझं नेहमीचंच काम. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेत मी चौथी पास झाले आणि त्याच उन्हाळ्यात अब्बांनी आम्हा दोघींना बर्मिंगहॅमला बोलावून घेतलं. अब्बा आधी बोटीवर खलाशी होते, मग इथल्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर लागले. अम्माला इंग्रजीतलं ‘थँक्यू’ आणि ‘नो पोर्क’ एवढंच यायचं, तेव्हा दहाव्या वर्षापासून घरची जीभ मी. गॅसवाला आला, बोलव शमूला. सरकारी पत्र आलं, शमू वाचेल. एकदा शाळेनं माझीच तक्रार सांगायला अम्माला बोलावलं, तीही मीच तिला समजावून दिली. त्या तक्रारीचं वाटेतच कौतुक झालं आणि घरी येऊन अम्मानं सांदणं केली. आता विचार केला की वाटतं, तिथंच मला वाईट खोड लागली.

“कसली भीती?” डॉक्टरनं विचारलं.

“अम्मा, कशाला घाबरतेस म्हणून विचारतोय.”

अम्मा माझ्याकडं बघतच राहिली. “कशाला म्हणजे? आपसूक होतो. इथं कोंडल्यासारखं होतं.” तिनं छातीवर हात ठेवला.

“असं ठरावीक काही नाही म्हणते. आपोआप भीती वाटते.”

“दुखतं का तिथं?”

“दुखतं का गं?”

“दुखत नाय गो. दुखलं असतं तर हळद-चुना लावला असता. जीव घाबरा होतो म्हणतेय ना तुला.”

“दुखत नाही,” मी म्हणाले. “नुसती भीती.” ‘कासावीस’ हा शब्द मला धड माहीत नव्हता, तो मी गाळला. शब्द गाळायची मला सवय होती.

डॉक्टरनं तिची नाडी धरली, छातीला नळी लावून थोडा वेळ ऐकलं. मग मला विचारलं, “घरात अलीकडं काही घडलंय का?”

“मी युनिव्हर्सिटीत चाललेय. न्यूकॅसलला. पुढच्या शनिवारी.”

“असं होय!” तो हसला आणि पेन खाली ठेवलं. “तू एकुलती एक?”

“हो.”

“मग बरोबर आहे. आया अशाच असतात. शांत झोप लागायच्या गोळ्या देतो. तू आठवड्यातून एकदा फोन करत जा म्हणजे झालं.”

इतका समजूतदार माणूस मी आयुष्यात पाहिला नाही असं मला त्या क्षणी वाटलं. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला होता ना!

बसथांब्यावर अम्मानं विचारलं, “काय म्हणाला?”

“काळजी करू नकोस म्हणाला. गोळ्या दिल्यात.”

“जिन्याचं सांगितलंस?”

“सांगितलं गं सगळं.”

जिन्याचं मी काहीच सांगितलं नव्हतं. साडेतीनची बस मात्र मिळाली.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. मला न्यूकॅसलला फ्रेंच शिकायला जागा मिळाली होती. राहायचं तिथल्या हॉस्टेलवर. आमच्यातली एकही मुलगी तोवर घराबाहेर राहिली नव्हती. पोरी शिकायच्या, नाही असं नाही, पण बसनं जाऊन बसनं परत यायच्या. जुलैत अब्बांनी हो म्हटलं आणि अम्मा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ताटं आदळून वाढायची.

“आपली भाषा येईना धड, निघाली फिरंग्यांची शिकायला,” ती मला म्हणायची.

“तुला काय करायचंय?”

“मना काय करायचंय? मनाच करायचंय!” आमच्या खाडीकाठच्या बोलीत मला म्हणजे मना. “जमातीतल्या बायका मना विचारणार, पोर कुठं हाय? कुणाबरोबर हाय? हलाल खाते का काय खाते? लोकांच्या तोंडाला हात लावायला मी जाऊ का तू जाशील?”

“लोकांना सांग माझं नाव काढू नका.”

“तुझं नाव मीच ठेवलंय. शमशाद. तुझ्या अब्बांना भलतंच ठेवायचं होतं.”

असं ती मध्येच काहीतरी बोलायची की भांडण पुढं न्यायलाच सुचायचं नाही. मग मी इंग्रजीत जायचे. तिला कळू नये म्हणून नव्हे. मला मराठीत एवढं वाईट बोलताच येत नव्हतं. एकदा मी इंग्रजीत म्हणाले, की तू या देशात आलीस पण स्वयंपाकघराच्या बाहेर आलीच नाहीस, आणि मलाही तिथंच कोंडणार आहेस. अम्मानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवणार हायस का नाय?”

म्हणून ती जीव घाबरा होतो म्हणाली, तेव्हा मी मनात म्हटलं, आता हे नवीन काढलं. रुसून झालं, रडून झालं, लोकांचा बागुलबुवा दाखवून झाला, आता भीती. अठराव्या वर्षी माणूस फार हुशार असतं.

त्या संध्याकाळी अब्बा कारखान्यातून आले आणि दाराशी बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. “डॉक्टर काय म्हणाला?”

“तिला माझ्या जाण्याची भीती बसलीय म्हणाला. बाकी काही नाही.”

अब्बांनी मान वर करून अम्माकडं पाहिलं. ती आमच्याकडं पाठ करून कोळंबी सोलत होती. अब्बा पुन्हा खाली वाकले आणि एकाच नाडीशी बराच वेळ खटपट करत राहिले.

“मग?” ते म्हणाले. “थांबतेस?”

“तुम्ही हो म्हटलंयत, अब्बा.”

“हो, म्हटलंय.”

अम्मानं कोळंबीचं भांडं नळाखाली धरलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी तिला गुंगी यायची. दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा, आणि भांडायला म्हणून मी तोंड उघडलं की ती नुसती ‘बरं’ म्हणायची. मला वाटलं, मी जिंकले. सूटकेसमध्ये ती एकेक वस्तू रचत होती. तांदळाचं पीठ, आंब्याचं लोणचं, सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी.

“सोडे नको गं! अख्ख्या हॉस्टेलभर वास सुटेल.”

“सुटू दे. तेवढंच कळेल पोर कुणाची ते.”

मी पुडी बाहेर काढली, तिनं आत ठेवली. मी परत काढली. शेवटी न्यूकॅसलला जाऊन सूटकेस उघडली तर दोन पुड्या निघाल्या.

निघायच्या दिवशी सकाळी अब्बांनी शेजाऱ्याची गाडी आणली. आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याला दारात कुराण शरीफखालून नेतात. घरातलं मोठं माणूस उंबऱ्यावर दोन्ही हातांनी ते उंच धरतं, आणि जाणारा खालून वाकून बाहेर पडतो. अम्मा जिन्यावरून कुराण घेऊन उतरली. तिसऱ्या पायरीवर थांबली. मी खालून म्हटलं, “अम्मा, उशीर होतोय!”

ती आली, दारात उभी राहिली. कुराण वर उचललं आणि तिचा डावा हात खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली आला. हिरव्या रेशमी कापडातलं कुराण तिनं एकट्या उजव्या हातानं तोलून धरलं.

“नीट धर ना,” मी म्हणाले. “गल्लीतले सगळे बघतायत.”

“तू वाक,” अम्मा म्हणाली. “तू वाक म्हणजे झालं.”

मी वाकले. बाहेर गेले. गाडीच्या काचेतून पाहिलं तर ती उंबऱ्यावर खाली बसली होती, कुराण छातीशी धरून. मला वाटलं, आता रडणार. पण ती रडत नव्हती, नुसता श्वास घेत होती.

तेविसाव्या दिवशी मला वर्गातून बोलावलं. वॉर्डनच्या खोलीत फोन काढून ठेवलेला होता. पलीकडून अब्बा म्हणाले, “शमू, ये गो बाय.” एवढंच म्हणाले, आणि मला सगळं कळलं. एवढं मराठी मला येत होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला अम्मा स्वयंपाकघरात पडली. शेजारची आयरिश बाई धुराच्या वासानं आली तेव्हा तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली होती. मी पोचले तोवर बायकांनी गुसलची आंघोळ घालून तिला कफन घातलं होतं. तोंड तेवढं माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. किती लहान दिसत होती! मी तिच्याशी इंग्रजीत किती बोलले होते ते आठवेना.

हॉस्पिटलातल्यांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. आमच्या लोकांनी सांगितलं, पोरीचा धसका घेतला. दोन्हींत आम्हाला काही फरक वाटला नाही. धसक्यानं हृदयच बंद पडणार, दुसरं काय? जमातीतल्या बायका पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, “तुझा काय दोष बाय, तिचं भरलं होतं,” आणि जिन्याखाली जाऊन तेवढ्याच मोठ्यानं म्हणायच्या, “पोरीनं आईला खाल्लं.” अब्बा कबरस्तानातून आले आणि दाराशी बसले. बूट न सोडता म्हणाले, “मी हो म्हटलं. मी हो म्हटलं नसतं तर ती राहिली असती.”

मी न्यूकॅसलला परत गेले नाही. कुणी जाऊ नको म्हटलं नाही. निळी सूटकेस तिथल्या पोरींनी रेल्वेनं पाठवून दिली. सोड्यांची एक पुडी त्यात तशीच होती.

पुढच्या उन्हाळ्यात अब्बांची मोठी बहीण, खैरून फुफू, गावाहून सहा महिन्यांसाठी आली. विधवा, बडबडी, हसायला कारण न लागणारी बाई. तिनं घर ताब्यात घेतलं. मला भाकरी शिकवली, शिव्या शिकवल्या आणि माझं चौथीतलं मराठी हातात घेऊन धू धू धुतलं. “अगो, ‘मी आंघोळ घेतली’ काय? आंघोळ करतात. घेतात ती औषधं.” त्या घरात वर्षभरात मी पहिल्यांदा तिच्यामुळं हसले.

एका दुपारी ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढत होती. अर्ध्यात मटकन बसली. “बाय, पाणी आण गो. जीव घाबरा झालाय.”

मी पाणी घेऊन गेले. “कशाला घाबरलीस, फुफू?”

फुफू घोट घेता घेता हसली, तिला ठसका लागला. “घाबरतंय कोण? वाघ हाय काय जिन्यावर? जीव घाबरा झालाय म्हटलं. दम लागला, काळीज धडधडायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. मग जीव घाबरा नाय होणार तर काय होणार? घाबरणं वेगळं, जीव घाबरा होणं वेगळं. एवढं पण येत नाय तुला? तुमच्या विलायतेत काय म्हणतात त्याला?”

विलायतेत त्याला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं. एकेक शब्द माहीत होता. दम लागणं, धडधड, घेरी, छाती भरून येणं. त्या डॉक्टरच्या खोलीत यातला एक जरी शब्द मी उच्चारला असता, तरी त्यानं पेन खाली ठेवलं नसतं.

“काय झालं गो? पांढरी का पडलीस?” फुफूनं विचारलं.

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत दुसऱ्या एका डॉक्टरकडं नेलं आणि जिन्यापासून टोपलीपर्यंत सगळं सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. त्यांनी तिच्या छातीला तारा लावल्या, रक्त काढलं. अंगात रक्त कमी आहे म्हणाले, बाकी घोडा. फुफू गावी परत गेली आणि नव्वदी पार करून, नातवंडांना शिव्या देत गेली.

मी अब्बांना काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगितलं नाही, मग रोज ते जास्त अवघड झालं. मी टपाल कचेरीत लागले, गावाकडच्याच मुलाशी लग्न केलं, एक मुलगी झाली, निदा. नवरा लवकर गेला, अब्बा माझ्याकडं राहायला आले. दर शबे-बरातला ते अम्माच्या कबरीवर जाऊन येत आणि परतल्यावर दाराशी बसून तेच म्हणत, “मी हो म्हटलं नसतं तर.” मी त्यांचे बूट काढायचे आणि गप्प बसायचे. एका शब्दात त्यांचं ओझं उतरलं असतं, आणि ते कुणाच्या डोक्यावर बसलं असतं ते मला ठाऊक होतं. भेकड होते मी, दुसरं काय.

तेवीस वर्षं अशी गेली. मग निदाला ग्लासगोला जागा मिळाली.

मी हो म्हटलं. अब्बांनी जेवण सोडलं. ऐंशीचे झाले होते, पण हट्ट लहान पोराचा. “तू तरी शहाणी हो,” ते मला म्हणायचे. “आईला काय होतं ते तू बघितलंयस. तुला काय झालं तर ही पोर जन्मभर काय घेऊन जगेल?” निदा माझ्यापेक्षा समजूतदार. ती निघायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली, “मम्मी, नानांना एवढा त्रास होत असेल तर मी इथलंच कॉलेज बघते.” माझ्या एका शब्दानं अम्मा गेली होती, अब्बा झिजले होते, आणि आता तो पोरीच्या वाट्याला निघाला होता.

निदा निघायची त्या दुपारी अब्बा वर, त्यांच्या खोलीत, नमाज संपवून मुसल्ल्याची घडी घालत होते. मी दार लोटून घेतलं.

“अब्बा, अम्मा माझ्या जाण्यानं गेली नाही.”

मी भडाभडा सांगत सुटले. डॉक्टर, घड्याळ, सूटकेस, साडेतीनची बस. “जीव घाबरा होतो म्हणाली होती ती, अब्बा. मी त्याला सांगितलं, तिला भीती वाटते. मला अर्थच माहीत नव्हता. जिन्याचं सांग म्हणाली होती, ते मी सांगितलंच नाही. तुमच्या हो म्हणण्यानं काही झालं नाही. मी केलं ते. मला मारा हवं तर.”

अब्बांनी मुसल्ला उशाशी ठेवला. पलंगावर बसले.

“त्या दिवशी सकाळी मनापण म्हणाली होती,” ते म्हणाले.

“काय?”

“हेच. मी शिफ्टला निघालो होतो, बूट घालत होतो. आवो, म्हणाली, माझा जीव घाबरा होतो. आज घरी राहता काय? मी म्हटलं, पोर चाललीय म्हणून तुझी नाटकं. शमूला घेऊन डॉक्टरकडं जा. आणि संध्याकाळी तू सांगितलंस, भीती बसलीय. मनात म्हटलं, बघ, माझंच खरं.”

मी त्यांच्या पायाशी खाली बसले.

“हो म्हटलं, हो म्हटलं, एवढंच मी लोकांना सांगत आलो,” अब्बा म्हणाले. “हे नाय सांगितलं कुणाला. तुला शब्द कळला नाय, बाय. मना तर मराठी येत होतं.”

खालून निदानं हाक मारली, “मम्मी, टॅक्सी आली!”

अब्बांनी डोळे पुसले, उठले आणि कपाटावरचं हिरव्या कापडातलं कुराण काढून घेतलं. मी नको म्हटलं नाही. ते पुढं, मी मागं, असे आम्ही जिना उतरू लागलो. वरून तिसऱ्या पायरीवर ते थांबले.

“अब्बा, काय होतंय?”

“काय नाय.”

“काय होतंय ते सगळं सांगा.”

“गुडघा,” ते म्हणाले. “गुडघा दुखतोय. बाकी काय नाय, शप्पथ.”

मी त्यांचा दंड धरला. खाली दारात निदा आधीच वाकून उभी होती.